पाकोळीची चुणी

रेघमास्तरांना ते काम मिळालं तेव्हा सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली, आणि त्यांना मात्र घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटलं. निवृत्ती तोंडावर आली होती. गुडघे कुरकुरत होते, मान आखडलेली असायची, आणि कुठल्याही बैठकीत जरा वेळ बसलं की डोळे मिटायला लागायचे. एखादी चार दारांची साधीसुधी गाडी, जिच्याकडे कुणी मान वळवूनही बघणार नाही अशी, हातावेगळी करावी आणि मुकाट्यानं घरी बसावं, असा त्यांचा बेत होता. साहेबांनी त्यांच्या गळ्यात पाकोळी बांधली.

पाकोळी ही त्यांच्या कारखान्याची जुनी स्पोर्ट्‌स कार. दोनच माणसांची, बुटकी, गोल दिव्यांची, नाक जमिनीला लावून पळणारी. कागदोपत्री तिला नुसता एक आकडा होता. पाकोळी हे नाव लोकांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की शेवटी कारखान्यालाही तेच नाव चकचकीत अक्षरांत गाडीच्या पाठीवर बसवावं लागलं. ती बनायची बंद होऊन एक पिढी उलटली होती, तरी न्हाव्याच्या दुकानात, दातांच्या दवाखान्यात, कुणाच्या तरी गॅरेजच्या दारामागे तिचा फोटो हमखास दिसे. ज्यांना ती कधी परवडली नाही, त्यांचाच तिच्यावर जास्त जीव. कारखान्याचं अलीकडे बरं चाललं नव्हतं. त्याच्या नव्या गाड्या आणि इतरांच्या नव्या गाड्या शेजारी उभ्या केल्या, वर चिन्हं झाकली, तर कुठली कुणाची हे कारखान्यातल्यांनाही सांगता आलं नसतं. म्हणून साहेबांनी ठरवलं, पाकोळी पुन्हा काढायची. नवी, पण तीच.

"म्हणजे नेमकं काय?" रेघमास्तरांनी विचारलं होतं.

"म्हणजे बघताक्षणी माणसाच्या तोंडून निघालं पाहिजे, 'अरे, ही तर आपली पाकोळी!'" साहेब म्हणाले. "आणि जवळ आल्यावर वाटलं पाहिजे, की नाही बुवा, अशी कधी पाहिली नव्हती."

"दोन्ही एकाच गाडीत?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

रेघमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकाच रेघेवर आठवडेच्या आठवडे घालवणारा माणूस, म्हणून मातीवालीनं ते ठेवलं होतं. मातीवाली म्हणजे स्टुडिओत गाडीचं पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल घडवणाऱ्यांची मुकादम. रुंद खांद्यांची, मोठ्यानं हसणारी, सदानकदा कोपरापर्यंत तपकिरी. ती माती भट्टीत गरम करून मऊ करायची, लाकडी सांगाड्यावर थापायची, आणि थंड होऊन घट्ट झाली की पोलादी पट्ट्यांनी खरवडत बसायची. रेघमास्तर कागदावर आणि पडद्यावर रेघ काढत, ती मातीत उतरवी, आणि मग दोघं मिळून तिच्याकडे बघून नाकं मुरडत. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. पाकोळीचं काम आलं तसं मातीवालीनं तिलाही नाव ठेवून टाकलं. "सासरची गाडी," ती म्हणायची. "काय मास्तर, आज सासरच्या गाडीचं काय करायचं?"

कारण मूळ पाकोळी रेघमास्तरांच्या सासऱ्यांनी काढलेली होती.

तेव्हा ते सासरे नव्हते, स्टुडिओचे मुख्य होते. रेघमास्तर कोवळे असताना त्यांच्या हाताखाली लागले. म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता, पण खवट तेवढाच. "तू ही रेघ काढलीस की तुझा हात घसरला?" असं सगळ्यांदेखत विचारायचा. पुढं त्याच्याच मुलीशी रेघमास्तरांचं जमलं. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आल्याबरोबर सासऱ्यांचं 'तू' जाऊन 'तुम्ही' आलं. "तुमची ती रेघ पुसा," असं ते अगदी अदबीनं म्हणाले, आणि सगळा स्टुडिओ हसून लोटपोट झाला. जावयाला अहोजाहो करायचं म्हणजे करायचंच. फक्त रागाच्या भरात कधीतरी जीभ घसरून 'तू' बाहेर पडे, तेव्हा रेघमास्तरांना उलट बरंच वाटायचं.

आता सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती आणि सासरे लेकीकडे राहायला आले होते. डोळे गेल्यातच जमा होते. उजेड आणि अंधार कळे, दारात कुणी उभं राहिलं तर तेवढं कळे, बाकी सगळं धुकं. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. रोज इतक्या लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी बापासाठी काही करू शकत नव्हती, ह्याचं तिला फार वाईट वाटे, पण बोलून दाखवायची नाही. ती फक्त त्यांच्या खोलीतलं सामान कधीही इकडचं तिकडे हलू देत नसे.

संध्याकाळी रेघमास्तर दमूनभागून घरी आले, बूट काढायला वाकले, की आतून आवाज यायचा, "काय झालं आज?"

"नेहमीचंच, बाबा."

"म्हणजे काही झालं नाही."

"सांगता येत नाही, बाबा. सह्या घेतल्यात आमच्याकडून."

"माझी गाडी आणि मलाच सांगता येत नाही." मग जरा वेळानं, "ती चुणी काढून टाकलीत की नाही, तेवढं सांगा."

सगळं घोडं ह्या चुणीपाशी अडलं होतं.

चुणी म्हणजे पाकोळीच्या कुशीवरची घडी. दाराच्या मागून निघायची, मागच्या चाकावरून वर चढत जायची आणि दिव्यापाशी संपायची. नीट इस्त्री केलेल्या कापडाला एकच चूण पडावी तशी, म्हणून चुणी. पाकोळीवर जेवढं लिहिलं गेलं त्यात निम्मं ह्या चुणीवर. काय तो डौल, काय ती झेप, जणू बसल्या जागी उडते आहे! आणि ज्या माणसानं ती गाडी काढली त्याला ती चुणी मुळात नकोच होती. त्यांनी काढलेली पाकोळी कमरेपासून शेपटीपर्यंत एकसंध होती, नदीतल्या गोट्यासारखी. पण तेवढा मोठा गुळगुळीत पत्रा साच्यातून बाहेर आला की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजायचा. हात ठेवला की आत, हात काढला की बाहेर. प्रदर्शन जवळ आलेलं. मग पत्र्याला ताठा यावा म्हणून त्यात एक घडी घातली गेली आणि गाडी रस्त्यावर आली. हे काही गुपित नव्हतं. म्हाताऱ्यानं मुलाखतींतून कितीदा सांगितलं होतं. लोकांना वाटायचं, मोठा माणूस आहे, विनयानं बोलतो.

"ती चुणी नव्हे, टाका आहे टाका," ते घरी म्हणायचे. "पोटावरच्या टाक्याचं कुणी कौतुक करतं का?"

रेघमास्तर ह्यावर कधी काही बोलत नसत. कारण त्यांनी पाकोळी पहिल्यांदा पाहिली ती पेट्रोल पंपामागच्या धुण्याच्या जागेत. कॉलेज सोडून घरी रिकामे बसले होते तेव्हाची गोष्ट. कुणीतरी गाडीवर बादलीनं पाणी ओतत होतं. पाणी टपावरून खाली घसरायचं, चुणीपाशी येऊन अडायचं, तिच्या कडेनं धावत जायचं आणि मागच्या चाकावर टपकायचं. पोरसवदा रेघमास्तर हातात सायकल धरून बघत राहिले. पत्र्याला कुणीतरी असं वळवू शकतं, हे तोवर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या चुणीपायी ते ह्या धंद्यात आले. सासऱ्यांना हे त्यांनी उभ्या आयुष्यात सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं?

तर ऑफिसात चुणी देवासारखी आणि घरात सवतीसारखी. ब्रँडवाली बाई, म्हणजे कारखान्याची ओळख सांभाळण्याची जबाबदारी जिच्यावर होती ती, दर बैठकीत चुणीचं चित्र पडद्यावर टाकायची. बाई हुशार होती, कष्टाळू होती, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची. गावोगावी जाऊन लोकांना गाडीचे फोटो दाखवून आली होती. दिवे झाकले तरी लोक पाकोळी ओळखत होते, नाक झाकलं तरी ओळखत होते. चुणी झाकली की मात्र बहुतेकांच्या कपाळाला आठ्या.

"ती काढली तर आपल्याकडे काय राहतं?" ती विचारायची.

पण ठेवावी तर नव्या अंगावर ती बसत नव्हती. नवी पाकोळी जुनीपेक्षा लांब, उंच, जाडजूड. बाजूनं धडक बसली तर आतला माणूस वाचावा म्हणून दारं फुगली होती, चाकं मोठी झाली होती. त्या भरल्या अंगावर जुनी चुणी घातली की गाडी उसनं जाकीट घालून लग्नाला निघालेल्या माणसासारखी दिसायची. रेघमास्तरांनी ती वर नेली, खाली आणली, आखूड केली, ताणली. मातीवालीनं मॉडेलवर काळी चिकटपट्टी लावून लावून कितीतरी रिळं संपवली. दर वेळी दोघं लांब जाऊन उभी राहत, मान तिरकी करून बघत.

"बरी आहे," मातीवाली म्हणे.

"खोटं बोलतेस."

"हो, पण जेवायची वेळ झालीय."

अशातच साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. मूळ पाकोळीचा जनक हयात आहे, शिवाय आपल्याच माणसाच्या घरी आहे. त्याला स्टुडिओत आणायचं, नव्या मॉडेलच्या चुणीवर त्याचा हात ठेवायचा, चार शब्द बोलायला लावायचे आणि त्याची फिल्म करायची. "हातातून हातात," साहेब म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते त्यांनी पुन्हा म्हटलं.

रेघमास्तर घाईघाईनं म्हणाले, "सर, त्यांना चुणी आवडत नाही."

"ते असं बोलतात हो. सगळे मोठे कलाकार बोलतात."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अहो, नेऊ नका त्यांना. ते तिथं काय बोलतील आणि काय नाही. आणि घरी येऊन तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसाल. मधे मी."

"नाही कसं म्हणू?"

"तोंडानं," ती म्हणाली.

पण म्हाताऱ्याच्या कानावर ते आधीच गेलं होतं, आणि त्यांनी दाढी करून ठेवली होती.

त्या दिवशी ते राखाडी कोट घालून आले. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. रेघमास्तरांच्या कोपराला धरून ते स्टुडिओत शिरले आणि दारातच थांबून त्यांनी मोठा श्वास घेतला. "माती तीच आहे," म्हणाले. मातीवालीनं हात पुसून त्यांचा हात हातात घेतला. दिवे लागले, कॅमेरेवाले सरसावले, साहेब गळपट्टा नीट करून मागे उभे राहिले.

म्हाताऱ्यानं पुढून सुरुवात केली. दिव्याच्या गोलात बोटं फिरवली. "मोठे केलेत."

"करावे लागले, बाबा."

हात बोनेटवर आला. "नाक उचललंत."

"रस्त्यात माणूस आडवा आला तर त्याचं डोकं खालच्या इंजिनावर आदळू नये, म्हणून मधे जागा सोडावी लागते. नियम आहे."

"चांगला नियम आहे," ते म्हणाले. रेघमास्तरांना हायसं वाटलं. म्हातारा दारावरून हात फिरवत मागे सरकला, आणि मग हात थांबला. दोन बोटांच्या चिमटीत धरावी तशी त्यांनी ती धार चाचपली. पुढे गेले, पुन्हा मागे आले.

ब्रँडवाली बाई कॅमेऱ्याला खूण करून मऊ आवाजात म्हणाली, "सर, ह्या रेषेबद्दल दोन शब्द..."

"काढा ही."

"सर?"

"मला नाइलाज होता. पत्रा ऐकत नव्हता. तुम्हाला कसला नाइलाज आहे? आता पत्रा चांगला मिळत असेल की."

"पण सर, लोकांचं हिच्यावर प्रेम आहे."

"लोकांचं आहे ना? मग लोकांना विचारा. मला कशाला इथं आणलंत?"

कुणीतरी खोकलं. साहेब पुढे होऊन हसत म्हणाले, "वा, वा, हा तर खरा कलावंताचा असमाधानीपणा!" पण त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. कॅमेरा बंद झाला. मातीवालीनं सगळ्यांकडे पाठ करून उगाच एक पट्टी घासायला घेतली. तिचे खांदे हलत होते.

परतताना म्हातारा शेजारच्या सीटवर बसला होता. रेघमास्तर गाडी चालवत होते. रस्त्याचं काम चाललं होतं, वाहनं मुंगीच्या पावलानं सरकत होती. सगळ्या दिवसाचा शीण मानेत येऊन बसला होता.

"तुम्हाला राग आला," म्हातारा म्हणाला.

"नाही."

"आलाय. तुम्हाला साहेबांसमोर खाली बघावं लागलं."

"बाबा, मला आता कुणासमोर वर बघायचंय? दोन वर्षांनी मी घरीच बसणार आहे."

"मग काढून टाका ना ती. घाबरता कशाला? कुणाला घाबरतोस तू?" जीभ घसरली होती. "एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि तुला एवढं दिसत नाही, की ती गाडीच्या अंगावर बाहेरून चिकटवलेली आहे? काय शिकलास?"

रेघमास्तरांनी ब्रेक दाबला. पुढे तसंही सगळं थांबलेलंच होतं. "मी तिच्यासाठीच आलो होतो," ते म्हणाले. आवाज चढला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. "तुमच्यासाठी नाही. गाडीसाठीही नाही. त्या टाक्यासाठी. पेट्रोल पंपावर पाहिली मी. तुम्हाला ती नकोशी होती हे मला इथं आल्यावर कळलं. तेव्हापासून रोज ऐकतोय."

बाजूचा ट्रक घरघरत हातभर पुढे सरकला.

"आधी सांगायचंस," म्हातारा शेवटी म्हणाला.

"सांगून काय झालं असतं?"

"मी तुला नोकरी दिली नसती." आणि मग खिडकीकडे तोंड करून, "मुलगीसुद्धा."

ते थट्टेनं बोलले की खरंच, हे रेघमास्तरांना कळलं नाही. घरी बायकोनं दोघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता सूप गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या यंत्रापाशी ब्रँडवाली भेटली. ती कपात साखर ढवळत उभी होती, ढवळतच राहिली होती. "साहेब म्हणाले, तुमच्या सासऱ्यांना आणायची कल्पना त्यांची नव्हे, माझी होती असं मी वर सांगायचं," ती म्हणाली.

"मग?"

"सांगितलं." तिनं खांदे उडवले. "मास्तर, मी गावोगाव फिरून लोकांना विचारलं चुणी आवडते का. मला आवडते का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही."

"आवडते का?"

ती विचारात पडली. "आता नाही सांगता येत," म्हणाली. "फार पाहिली."

रेघमास्तर आत गेले आणि मातीवालीला म्हणाले, "उजव्या बाजूची काढून टाक. डावी राहू दे."

"सासरेबुवा जिंकले म्हणायचे!"

"कुणी जिंकलं नाही. मला कंटाळा आलाय तिचा."

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पट्टी उचलली. दिवसभर ती धार खरवडत राहिली. मातीची कुरळी सालपटं जमिनीवर पडत होती. चुणीच्या वरचं अंग आणि खालचं अंग एकमेकांत मिसळलं, मधला काठ गेला. त्यावर त्यांनी गाडीच्या रंगासारखी चकाकणारी पातळ फिल्म पाण्यानं भिजवून ताणून बसवली, म्हणजे उजेड कसा पडतो ते दिसावं, आणि मॉडेल ढकलत मागच्या अंगणात उन्हात नेलं.

इतर लोक नेहमीप्रमाणे लांब उभे राहिले. रेघमास्तरांचे गुडघे दुखत होते. भिंतीशी एक पालथं खोकं पडलं होतं, त्यावर ते बसले. बसल्यामुळे त्यांची नजर एकदम खाली आली, चाकाच्या उंचीला. आणि तिथून त्यांना दिसलं, की दाराच्या मागून उजेडाची एक रेघ निघाली आहे. चाकाशी येईपर्यंत ती धारदार होती, चाकावर चढताना पसरली आणि दिव्याच्या अलीकडे विरून गेली. चुणी नव्हती. पण वरचं अंग आकाशाकडे तोंड करून होतं, खालचं जमिनीकडे, आणि ती दोन्ही जिथं भेटत होती तिथं उजेड आपोआप वळत होता.

ते उठले. रेघ गेली. बसले. रेघ आली.

"काय व्यायाम चाललाय?" मातीवालीनं विचारलं.

"इकडे ये. इथं बस."

ती खोक्याशेजारी उकिडवी बसली. एक डोळा मिटून तिनं बघितलं. मग म्हणाली, "उभं राहिल्यावरही दिसली पाहिजे."

"हो."

"म्हणजे आणखी तीन महिने माझे हात मोडणार."

"हो."

"रेघमास्तर नाव मी उगाच ठेवलं नव्हतं," ती म्हणाली आणि उठताना त्यांच्याच खांद्याचा आधार घेतला.

तीन महिने कसले, त्याच्या दुप्पट लागले. वरचं अंग किंचित जास्त कललं की रेघ जाड आणि मुर्दाड व्हायची. कमी कललं की दिसेनाशी. हाताला लागायला नको आणि डोळ्याला दिसायला हवी. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, ढगाळ दिवस, रस्त्यावरचे दिवे, सगळं बघावं लागलं. रेघमास्तर डोळे चोळत घरी जायचे. सासरे आता "काय झालं आज?" असं विचारत नव्हते. त्या दिवसापासून दोघांमध्ये मीठ द्या, रेडिओ लावू का, एवढंच बोलणं उरलं होतं, आणि बायको दोघांवरही वैतागली होती.

पुन्हा बैठक झाली. ब्रँडवालीनं मॉडेलला फेऱ्या मारल्या, फोटो काढून नेले, गावोगाव दाखवून आली. लोकांनी ओळखली. "पाकोळी," म्हणाले. काही म्हणाले, "पाकोळीच, पण नीट झोप झालेली." हे सांगताना बाई पहिल्यांदा मनापासून हसली. साहेबांना मात्र काहीतरी घेतल्याशिवाय काहीतरी द्यायची सवय नव्हती. त्यांनी नाकावर कारखान्याचं चिन्ह मोठं करून मागितलं, बशीएवढं. रेघमास्तरांनी आधी नाही म्हटलं, मग का नाही ते समजावलं, मग चित्रं काढून दाखवली. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यात ह्या एका बशीसाठी भांडायचं बळ उरलेलं नाही. "लावा," ते म्हणाले. ते चिन्ह त्यांना पुढं कायम खुपत राहिलं.

पहिल्या काही गाड्या तयार झाल्या तेव्हा परवानगी काढून त्यांनी त्यातली एक गाडी रविवारी घरी आणली. गल्लीत दारासमोर उभी केली. बायको वडिलांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. ऊन चांगलं तापलेलं होतं. गाडीच्या कुशीवर उजेडाची रेघ लखलखत होती. बायकोनं ती पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं तळहात दाराच्या मागे ठेवला आणि सावकाश चाकाकडे नेला. मग पुन्हा. मग बोटांच्या टोकांनी. कुठंही काही अडलं नाही. त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं.

"काढलीत?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. म्हाताऱ्याला कुणी खरं सांगायला येणार नव्हतं. रेघमास्तर म्हणाले, "हाताला काढली, बाबा. डोळ्याला ठेवलीय. ऊन पडलं की दिसते."

"आत्ता दिसतेय?"

"दिसतेय."

"कशी?"

"दाराशी बारीक आहे. चाकावर चढते आणि पुढं विरून जाते."

म्हातारा हात तसाच ठेवून उभा राहिला. पत्रा उन्हानं तापला होता, तरी त्यांनी हात उचलला नाही. "मग माझ्यापुरती गेली," ते म्हणाले. आणि मग, "आत बसवा मला."

बसवलं खरं, पण बाहेर काढता येईना. गाडी बुटकी, म्हातारा उंच, गुडघे हनुवटीला. रेघमास्तरांनी काखेत हात घातला, बायकोनं पाय धरले, शेजारचा सुतार धावत आला. "अहो, दारं कसली केलीत ही!" म्हातारा आतून ओरडत होता. "माणूस बाहेर कसा यायचा, ह्याचा विचार केला होता की नाही?" बायकोला हसू आवरेना. ती फूटपाथवर बसून डोळे पुसत हसत होती, आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात मोठ्यानं बोलणं झालं.

म्हातारा पुढच्या हिवाळ्यात गेला, झोपेतच. गाडी तोवर बाजारात आली होती. साहेब त्याआधीच दुसऱ्या कारखान्यात गेले होते. जुन्या पाकोळीच्या मालकांच्या मंडळानं पत्रक काढलं, की चुणीचा खून झाला. काही जाणकारांनी लिहिलं, की कारखान्याला जुन्याच्या बाहेर पडायची हिंमत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात छापून आलं. नाकावरच्या चिन्हाची मात्र सगळ्यांनी तारीफ केली. गाडी बरी खपली. फार नाही, पण कारखान्याचा तो विभाग बंद करायचं बोलणं थांबलं, आणि मातीवालीची माणसं कामावर राहिली. निवृत्तीच्या दिवशी तिनं रेघमास्तरांना पाकोळीची हातात मावेल एवढी खेळण्यातली गाडी दिली. खेळणी बनवणाऱ्यांना उजेडाची रेघ कुठून जमणार. त्यांनी आपली ठसठशीत चुणी पाडून ठेवली होती. "बघा, कुणी ऐकतं का," ती म्हणाली आणि त्यांना घट्ट मिठी मारून त्यांचा कोट मातीनं माखवला.

त्यानंतर एकदा रेघमास्तर भाजी आणायला बाजारात गेले होते. पिशव्या मागे ठेवून ते आपल्या जुनाट गाडीत बसले, तोच शेजारी एक पाकोळी येऊन अडकली. चिखलानं माखलेली, मागच्या बंपरला पोचा, शेजारच्या सीटवर कुंड्या आणि खताचं पोतं. काच खाली झाली. आत तिशीतला एक माणूस होता.

"काका, जरा मागे घेता का? वळत नाही इथं."

"घेतो." त्यांनी चावी फिरवली आणि थांबले. "गाडी छान आहे."

"दिसायला छान आहे," तो म्हणाला. "आत फार आवाज येतो. आणि पावसात मागचं काही दिसत नाही. ती मागची काच केवढीशी ठेवलीय बघा. ज्यानं कुणी केलीय ना, त्यानं कधी गाडी मागे घेतलेली नसणार."

मागची काच लहान ठेवायची हे साहेब, ब्रँडवाली आणि ते, तिघांनी मिळून ठरवलं होतं. जुन्या पाकोळीला लहानच होती. रेघमास्तरांना ते सगळं सांगावंसं वाटलं. पण मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"खरंय तुमचं," ते म्हणाले, आणि मान वळवून, खांदा दुखला तरी पूर्ण वळवून, आपली गाडी हळूहळू मागे घेऊ लागले.